विश्लेषण : फोनमधल्या बायबलमध्ये ‘तोबित’ का सापडत नाही? मराठी बायबलवर शेवटचा शब्द कुणाचा?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोची गर्दी ओसरून द्राक्षांचे दिवस येतात, त्या सुमारास निफाड तालुक्यात लग्नांचीही घाई सुरू होते. समजा, अशाच एका लग्नात मुलगा कॅथलिक घरातला आहे आणि मुलगी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या घरातली. विधी नाशिकच्या कॅथलिक चर्चमध्ये ठरला आहे. पहिले वाचन मुलीच्या मामेभावाकडे आले. हातातल्या चिठ्ठीवर लिहिले आहे, ‘तोबित, अध्याय ८’. तो फोन काढतो, मराठी बायबलचे ॲप उघडतो, पुस्तकांची यादी वरून खाली आणि खालून वर पाहतो. तोबित नाही. मग आजीचे जाड, काळ्या पुठ्ठ्याचे बायबल उघडले जाते. त्यातही नाही. पाने फाटली असावीत, असे कुणीतरी म्हणते.

पाने फाटलेली नाहीत. त्या बायबलमध्ये ते पुस्तक कधी नव्हतेच. लग्नातल्या या गोंधळामागे पाचशे वर्षांचा वाद आहे. मिशनऱ्यांनी कोणते बायबल छापायचे, कोणते वाटायचे, चर्चमध्ये कोणते वाचायचे आणि हे ठरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, असा तो वाद. तो रोममध्ये झाला, लंडनमध्ये झाला, आणि आपल्याकडे राचोल, मुंबई, नाशिक, केडगाव इथेही झाला.

सात पुस्तके गेली कुठे?

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नव्या कराराबद्दल भांडण नाही, त्याची २७ पुस्तके दोघांचीही सारखी. फरक आहे तो जुन्या करारात, ४६ विरुद्ध ३९. तोबित, जुडिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके ही सात, शिवाय एस्तेर आणि दानिएल या पुस्तकांतले काही भाग, कॅथलिकांकडे आहेत आणि प्रोटेस्टंटांकडे नाहीत.

ही पुस्तके जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातून आली. ज्यूंच्या हिब्रू संग्रहात ती नव्हती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ती बाजूला काढली, वाचायला चांगली पण श्रद्धेचा आधार म्हणून नाहीत, या भूमिकेने. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट इथल्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी ही सातही पुस्तके बायबलचाच भाग आहेत, असे ठरवून टाकले.

हा केवळ यादीचा प्रश्न नव्हता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. मृतांसाठी मिस्सा अर्पण करायचा की नाही, हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला कळीचा मुद्दा. पुस्तक मान्य केले की प्रथेला आधार मिळतो आणि नाकारले की तो आधार जातो. आजही कॅथलिक अंत्यविधीत वाचनासाठी दिलेल्या पर्यायांत मक्काबी आणि ज्ञानग्रंथ यांतले उतारे आहेत आणि लग्नाच्या वाचनांत तोबितचा. म्हणजे माणसाच्या आयुष्यातल्या दोन सगळ्यांत मोठ्या दिवशी हा फरक अचानक समोर येतो. एरवी रविवारी शेजारी बसलेल्या दोन घरांना तो कळतही नाही.

एका नाशिकला दोन बिशप

पिंपळगाव बसवंत दोन बिशपांच्या क्षेत्रात येते. एक कॅथलिक धर्मप्रांत. पुण्यापासून वेगळा होऊन १५ मे १९८७ रोजी नाशिक स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. दुसरा सीएनआयचा. त्याची मुळे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लिकन नाशिक धर्मप्रांतात आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा तो तिच्यात आला. त्याही मागे गेलो तर चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकला सुरू केलेले काम आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण ते नाव याच मिशनने वसवलेल्या वस्तीचे आहे.

दोघांनाही ‘बिशप’च म्हणतात, पण बायबलबाबत दोघांच्या अधिकारात मोठा फरक आहे. कॅथलिक बिशप एका जगभरच्या साखळीतला दुवा आहे आणि त्या साखळीचे लिखित नियम आहेत. सीएनआयमध्ये भाषांतराला मान्यतापत्र देणारे रोमसारखे पीठ नाही. तिथे बायबल सोसायटीची आवृत्ती वापरली जाते ती वहिवाटीने.

कॅथलिक परवानगी चालते कशी?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेतले ८२५ वे कलम सांगते, की बायबलची आवृत्ती प्रसिद्ध करायची तर रोमची किंवा त्या देशातल्या बिशप परिषदेची मान्यता हवी. भाषांतराला तीच मान्यता हवी आणि सोबत पुरेशा टिपाही हव्यात. टिपांची ही अट नीट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच भांडण आहे. इतर धार्मिक पुस्तकांवर स्थानिक बिशपची ‘छापण्यास परवानगी’ पुरते. बायबलला ती पुरत नाही. म्हणजे एकट्या बिशपला आपल्या जोरावर नवे मराठी बायबल चालू करता येत नाही.

या परवानग्यांचा मराठीतला सर्वांत जुना अनुभव थॉमस स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथल्या भाषेत इतका मुरला, की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याने लिहिले. १६१६ मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले. त्याआधी ते चर्चच्या आणि धर्मन्यायासनाच्या तपासणीतून जाणे भाग होते. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्रही लिहिले होते. ते काही जमले नाही.

स्टीफन्स यांनी थेट भाषांतर न करता पुराण का रचले? गोव्यातल्या नवख्रिस्तींना ओवी ऐकायची सवय होती, हे एक कारण. दुसरे कारण नियमांचे आहे. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमावलीनुसार देशी भाषेतले बायबल वाचायला सामान्य माणसाला बिशपची लेखी परवानगी लागे. बायबलची कथा ओवीत सांगायला इतकी आडकाठी नव्हती. त्या नियमाने मराठीला एक बायबल नाकारले आणि त्याच वेळी एक महाकाव्य दिले, असे माझे मत. अभ्यासक याला वेगळी कारणेही देतील.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट बायबल सोसायट्या जगभर स्वस्त बायबले वाटू लागल्या तेव्हा पोप संतापले. बारावे लिओ यांनी १८२४ मध्ये, सोळावे ग्रेगरी यांनी १८४४ मध्ये त्यांचा जाहीर निषेध केला. टिपांशिवाय बायबल हातात दिले तर वाचक स्वतःच्या मनाने अर्थ लावेल, ही भीती होती. प्रोटेस्टंटांना नेमके तेच हवे होते.

बांध फुटला तो दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत. १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजाने बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज मिळाले पाहिजे, असे सांगितले आणि इतर ख्रिस्ती पंथांबरोबर मिळून भाषांतर करायलाही मोकळीक दिली. निषिद्ध ग्रंथांची यादी पुढच्याच वर्षी मोडीत निघाली. आज कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट बायबल घरी वाचले तर कुणी त्याला जाब विचारत नाही. मात्र मिस्सामध्ये वाचायचे ते मान्यताप्राप्त वाचनग्रंथातूनच.

हा अधिकार आजही कसा वापरला जातो, याचे ताजे उदाहरण भारतातलेच आहे. इंग्रजी मिस्सासाठी भारतीय बिशपांनी निवडले ते मुळात अमेरिकी प्रोटेस्टंट प्रकाशकाचे ‘इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन’. प्रकाशकाची परवानगी घेतली गेली, कॅथलिक अभ्यासकांनी ते तपासले, उरलेली पुस्तके जोडली आणि २०१८ मध्ये त्याची कॅथलिक आवृत्ती बेंगळुरूहून निघाली. त्यावर आधारलेला वाचनग्रंथ ५ एप्रिल २०२० च्या झावळ्यांच्या रविवारपासून लागू झाला. देशात टाळेबंदी लागून दोन आठवडेही झाले नव्हते. नवा ग्रंथ आला तेव्हा समोरचे बाक रिकामे होते. इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथलिक चर्चने हेच भाषांतर २०२४ च्या अखेरीस स्वीकारले.

मिशनऱ्यांच्या पिशवीतले बायबल कुणी ठरवले?

मराठीतले पहिले छापील भाषांतर महाराष्ट्रात झालेच नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार काढला. कॅरी बॅप्टिस्ट, त्यांच्यावर बिशप नव्हता. पण १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते मराठी इकडच्या माणसाच्या कानाला परके वाटले. त्यांनी नवे भाषांतर हाती घेतले.

या अमेरिकनांतले गॉर्डन हॉल यांचे नाव नाशिककरांनी लक्षात ठेवावे असे आहे. मुंबईत पाय ठेवला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायला निघाली होती. म्हणजे बायबल वाटायची पहिली परवानगी चर्चकडे नव्हे, कंपनीकडे मागावी लागत होती. हॉल टिकले, मराठी शिकले, भाषांतरात राबले. मार्च १८२६ मध्ये ते पुस्तके आणि औषधे घेऊन नाशिककडे आले, तेव्हा इथे कॉलऱ्याची साथ होती. औषधे संपली, ते परत निघाले आणि वाटेतच २० मार्च रोजी कॉलऱ्याने गेले. ज्या नव्या करारासाठी ते राबले तो मुंबईत त्याच वर्षी पूर्ण झाला.

अमेरिकनांच्या मंडळीतही बिशप नसे. मग शब्दांवर नियंत्रण कुणाचे? उत्तर आहे पैसे देणाऱ्याचे. १८०४ मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. तिची मुंबई शाखा १८१३ ची. ती चर्च नव्हती, वेगवेगळ्या पंथांच्या लोकांची वर्गणीवर चालणारी संस्था होती. कागद तिचा, छपाईचा खर्च तिचा, म्हणून नियमही तिचे. पहिला नियम, बायबल छापायचे ते टीप किंवा भाष्य न जोडता. वेगवेगळ्या पंथांचे वर्गणीदार एकत्र ठेवायचे तर दुसरा मार्गही नव्हता. टीप आली की पंथ आला.

दुसरा नियम त्या १८२६ सालचाच. स्कॉटलंडमधल्या सभासदांनी मोठा गदारोळ केल्यावर सोसायटीने ठरवले, की त्या सात पुस्तकांसह छापल्या जाणाऱ्या बायबलसाठी यापुढे पैसे द्यायचे नाहीत. आजीच्या बायबलमध्ये तोबित का नाही, याचे सरळ उत्तर हा ठराव आहे. ज्या चर्चना ती पुस्तके वाचायला हरकत नव्हती, त्यांच्याकडेही हळूहळू ६६ पुस्तकांचेच बायबल पोहोचत गेले, कारण स्वस्तात तेच मिळत होते. एका अर्थाने तो ठराव धर्मसभेइतकाच परिणामकारक ठरला, आणि तो करणाऱ्यांना बिशपपद लागले नाही.

तिसरा वाद एका शब्दाचा. बाप्तिस्मा या ग्रीक शब्दाचा अर्थ बॅप्टिस्टांच्या मते ‘बुडवणे’, आणि भाषांतरात तसेच लिहिले पाहिजे. लहान बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणाऱ्या पंथांना हे मान्य होणे शक्य नव्हते. बंगाली भाषांतरात बॅप्टिस्टांनी आपला शब्द वापरल्यावर १८३० च्या दशकात सोसायटीने मदत थांबवली. मग बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये स्वतःची वेगळी भाषांतर संस्था काढली. मराठीत आपण आजही ‘बाप्तिस्मा’ म्हणतो, अर्थ न लावता उचललेला मूळ शब्द. तो वापरला की भांडण टळते.

जाता जाता एक गंमत. या मिशनच्या छापखान्याने मुंबईकरांना मराठी छपाई दाखवली आणि ती पाहून गणपत कृष्णाजी यांनी आपले यंत्र उभे केले. त्यांनी छापलेल्या सुरुवातीच्या गोष्टींत पंचांग होते.

टिपांशिवाय वाटलेल्या पुस्तकाचा परिणाम काय होऊ शकतो, याचे महाराष्ट्राला सर्वांत परिचित उदाहरण नारायण वामन टिळकांचे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचा संसार कसा उलटापालटा झाला, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. गाडीत पुस्तक देणाऱ्याने कोणत्या बिशपला विचारले नव्हते.

रमाबाईंनी कुणाला विचारले?

कुणालाच नाही. मराठी बायबलच्या इतिहासात हे प्रकरण सर्वांत विलक्षण आहे.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडू लागले. चर्च सांगते म्हणून मान्य करा, हे त्यांना पटेना. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला आहे. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसरीच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांचा एकूण सूर. बायबल मान्य, पण बिशपने लावलेला अर्थ बंधनकारक नाही. हे म्हणणारी बाई पंचविशीतली, परक्या देशात, त्याच लोकांच्या आश्रयाला होती.

पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिल्यावर हे तत्त्व त्यांनी कामात उतरवले. त्यांच्यासमोर दुष्काळातून आलेल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या मुली आणि बायका होत्या. बायबल सोसायटीचे मराठी त्यांना जड जाई. पंडित सहायकांच्या हाताने घडलेले ते मराठी संस्कृतकडे झुकलेले होते. रमाबाईंचा आणखी एक आक्षेप होता. वेदान्त आणि पुराणांचे अर्थ चिकटलेले शब्द वापरले तर वाचणारीच्या मनात बायबलचा अर्थ येणार नाही, जुनाच अर्थ जागा होईल. संस्कृत ज्यांना बालपणापासून मुखोद्गत होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हटले, त्यांनीच संस्कृत शब्दांना विरोध करावा, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. त्या शब्दांचे वजन त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते.

त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले, तेही पन्नाशीच्या आसपास. दीड दशकाहून अधिक काळ त्या भाषांतर करत राहिल्या. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात पाने निघाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम पुरे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित करणाऱ्या स्त्रिया जगातही फार थोड्या आहेत.

मग ते चर्चमध्ये का वाचले जात नाही? त्याची भाषा साधी असली तरी मुळाला इतकी चिकटून आहे, की कधी कधी अडखळायला होते, हे खरे. पण तेवढेच कारण नाही. रमाबाईंच्या मागे बिशप नव्हता, सोसायटी नव्हती, वाटपाची यंत्रणा नव्हती. रविवारच्या वाचनासाठी पुस्तक हजारो प्रतींत, एकसारखे, स्वस्त आणि पुन्हा पुन्हा मिळावे लागते. ते पुरवणारी संस्था दुसरी होती, त्यामुळे कान तिच्याच मराठीला सरावले. चर्चच्या परवानगीशिवाय बायबल करता येते, हे रमाबाईंनी दाखवले. ते लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा मात्र केडगावकडे नव्हती.

दोन्ही बाजू जवळ आल्या का?

बऱ्यापैकी. १९६८ मध्ये व्हॅटिकन आणि जगभरच्या बायबल सोसायट्यांच्या संघाने एकत्रित भाषांतराची तत्त्वे ठरवली. ती १९८७ मध्ये सुधारली गेली. वादातली सात पुस्तके वेगळ्या विभागात छापायची, टिपा द्यायच्या पण पंथाचा प्रचार न करता, अशी ती तडजोड. दोन शतके ज्यावर भांडण झाले ते एका मसुद्यात मिटले, निदान कागदावर.

मराठीत याच काळाचे सर्वांत ठळक नाव वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ते वाचले ते फक्त ख्रिस्ती लोकांनी नव्हे. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मगुरुपदावर आक्षेप घेतला. मराठीला ओवीतून ख्रिस्तकथा ऐकून चार शतके झाली आहेत, हे आक्षेप घेणारे विसरले होते. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले.

आता फोनमध्ये कुणाचा अधिकार?

पिंपळगावातल्या मामेभावाच्या फोनवर येऊ. बायबलच्या लोकप्रिय ॲपमध्ये एका टिचकीवर अनेक मराठी आवृत्त्या मिळतात. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे जुने ‘पवित्र शास्त्र’, त्याच संस्थेची सोप्या मराठीतली आवृत्ती, ‘इझी टू रीड’, ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’, ‘समकालीन’ आवृत्ती. यांतली बहुतेक ६६ पुस्तकांची. कोणती कुठल्या चर्चला मान्य, हे सहसा तिथे लिहिलेले नसते. लिहिलेले असते ते कॉपीराइटचे नाव.

आजचा खरा ताबा तिथे आहे. बेंगळुरूला मुख्यालय असलेली बायबल सोसायटी ऑफ इंडिया १९४४ मध्ये जुन्या शाखा एकत्र येऊन झाली. तिची आवृत्ती कुणी छापायची, ॲपमध्ये कुणी टाकायची, हे ती परवानगी देऊन ठरवते. हे फक्त भारतात नाही. १६११ चे इंग्रजी किंग जेम्स बायबल ब्रिटनमध्ये छापायचा हक्क आजही राजमुकुटाच्या सनदेने बांधलेला आहे. रमाबाईंच्या बायबलवर मात्र कुणाचाही हक्क उरलेला नाही. भारतीय कायद्याने ते कधीच मुक्त झाले, कुणीही छापावे.

वाचणाऱ्याने एवढे पाहिले तरी पुरे. ॲपमधल्या आवृत्तीच्या नावाशेजारी माहितीची खूण असते, ती दाबली की प्रकाशक दिसतो. कॅथलिक आवृत्ती असेल तर सुरुवातीच्या पानावर मान्यतेचा उल्लेख आणि यादीत ७३ पुस्तके असतात. देवाचे नाव जागोजागी ‘यहोवा’ असे असेल आणि आवृत्तीला ‘नवे जग भाषांतर’ म्हटले असेल, तर ते यहोवाचे साक्षीदार या गटाचे. कॅथलिक आणि सीएनआय, दोघेही ते वापरत नाहीत. योगायोग असा, की कॅथलिक चर्चनेही २००८ मध्ये रोमहून पत्र पाठवून देवाचे हिब्रू नाव उपासनेत उच्चारू नये, असे सांगितले. मराठी परंपरेत त्या जागी ‘परमेश्वर’ येतो, त्यामुळे इथे फारसे काही बदलावे लागले नाही.

सरकारचा यात संबंध कुठे?

कोणते भाषांतर बरोबर, यात सरकारला स्थान नाही. संविधानाचे २५ वे कलम धर्माचे आचरण आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, अशी रेघ ओढली. पुस्तक देणे आणि बळजबरी किंवा आमिष, यांतला फरक त्या रेघेवर ठरतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२३ मध्ये बायबल वाटणे हे आमिष ठरत नाही, असे एका प्रकरणात म्हटले.

तर लग्नातल्या वाचनाचे काय करायचे?

कॅथलिक आणि सीएनआय यांच्यातल्या लग्नाला कॅथलिक बाजूने बिशपची परवानगी लागते. ती घेताना फादरांशी बसून बोलणे होतेच, तेव्हाच वाचने ठरवावीत. तोबितच हवे असेल तर ॲप बाजूला ठेवून चर्चच्या वाचनग्रंथातून त्या उताऱ्याची प्रत मागून घ्यावी आणि घरी दोनदा मोठ्याने वाचावी, कारण शब्द ओळखीचे नसतात. दोन्ही घरांना आपले वाटेल असे काही हवे असेल तर पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १३, हे वाचन कॅथलिक पर्यायांत आहे, सीएनआयच्या लग्नातही वाचले जाते आणि आजीच्या काळ्या पुठ्ठ्याच्या बायबलमध्येही सापडते. दोन प्रतींत शब्द थोडे वेगळे असतील. चर्चमध्ये कोणत्या प्रतीतून वाचायचे, ते फादरांना आदल्या दिवशी विचारून ठेवावे.